शिशाची गोळी व नेमबाजीचा खेळ

गतवर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस शाळेत भेटावयास आले. मुलीने छात्रसेनेच्या शिबिरात बंदूक चालविली होती. तिचा हात स्थिर आहे असे तेथील अधिकाऱ्यांस दिसले, व तिने पुढे हवेच्या बंदुकीने नेमबाजी शिकावी असे त्यांनी सुचविले होते. वडील मूळचे शेतकरी, आता बडनेऱ्यास रेल्वेच्या चाकरीत. टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "सर, पोरीले हा खेळ शिकू द्याव का नाई? शिसं तं जहर असते म्हनतात. अन् बाहेरदेशात शिशाच्या गोळ्याच बंद करून राह्यले म्हने." प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत व त्यानंतर जे वाचले, त्यातील जेवढे आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल तेवढे येथे मांडीत आहो.

प्रथम शिशाची ओळख. आमची लहान मुले शिसपेन्सिलीच्या काडीला शिसे समजतात व तिचे टोक जिभेवर ओले करितात. ही सवय घाणेरडी खरी, परंतु त्या काडीत शिसे मुळीच नसते. ती ग्राफाइट व चिकणमाती ह्यांची असते. खरे शिसे पाहावयाचे असल्यास जुन्या छापखान्यातील खिळे पाहावेत. शिसे, अँटिमनी व कथील ह्यांच्या मिश्रणाचे हे खिळे जुळवूनच पूर्वी शाळांची वार्षिके छापली जात. मासेमारांच्या फेकजाळ्याच्या कडेला ओवलेल्या जड गुंड्या शिशाच्या. पाषाणाच्या देवांस ज्याचे लेपन होते तो परंपरागत शेंदूर म्हणजेही शिशाची भस्मवजा भुकटीच होय. हा धातू मऊ इतका की नखाने ओरखडा उठतो. तो ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतो, म्हणजे घरच्या चुलीवरही त्याचे पाणी होते. आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही शिबिराच्या मैदानामागील मातीच्या बांधातून चपटलेल्या गोळ्या उकरून काढीत असू व डब्याच्या झाकणात वितळवून गळाला लावावयाची वजने करीत असू. त्या धुराशेजारी वाकून बसण्यात काही धोका आहे असे आम्हांस कोणी सांगितले नव्हते, आणि सांगणाऱ्यासही बहुधा ते ठाऊक नव्हते.

आता गोळीला शिसेच का लागते ते पाहू. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून ज्याने गोफण फिरविली आहे त्यास हे सांगावयास नको. गोफणीत मातीचे वाळके ढेकूळ घातले तर ते चार वावांवर पडते. तेवढाच दगड घातला तर तो बांधापलीकडे जातो. हात तोच, गोफण तीच, आकारही तोच. भेद केवळ वजनाचा. हवा दोघांस सारखीच अडविते, परंतु जड पदार्थ त्या अडथळ्याला लवकर दाद देत नाही. एक घनसेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, तांब्याचे ८.९, तर शिशाचे ११.३ ग्रॅम भरते. ह्याशिवाय शिसे मऊ. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट रुतून पुढे सरकते, तेणेकरून तिला भोवऱ्यासारखी गती मिळते व ती डळमळत नाही. शिसे ह्या खाचांत सहज रुतते आणि नळीही झिजवीत नाही. तिसरा गुण असा की लक्ष्यामागील लोखंडी पत्र्यावर आपटताच ते चपटे होऊन खाली पडते, सहसा उलट उसळत नाही. आणि चौथा, ते स्वस्त आहे. एकाच पदार्थात हे चारही गुण आढळणे दुर्मिळ. टंगस्टन शिशाहून पुष्कळ जड, पण कठीण व फार महाग. बिस्मथ वजनाने जवळचे, पण ठिसूळ. कथील मऊ, पण हलके. सारी अडचण येथेच आहे.

शिशाचा दोष मात्र ह्या चारही गुणांस झाकून टाकणारा आहे. शरीराला शिशाचा काडीमात्र उपयोग नाही. ते शरीरात शिरले म्हणजे चुन्याच्या, अर्थात कॅल्शियमच्या, जागी जाऊन बसते व हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. प्रौढ मनुष्याच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडाच अंश रक्तात उतरतो. मुलांच्या शरीरात तो चौपट-पाचपट उतरतो, आणि मूल अशक्त व रक्तात लोह कमी असलेले असेल तर त्याहूनही अधिक. त्याने वाढत्या मेंदूची हानी होते. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, आणि वर्गात अशा मुलास शिक्षक 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतात. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युनिसेफच्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे म्हटले आहे. हे शिसे बंदुकीतून आलेले नव्हे. ते बहुतेक जुन्या बॅटऱ्या मोडण्याच्या धंद्यातून, रंगातून, भेसळीच्या मसाल्यांतून व भांड्यांच्या लुकणातून येते. आपल्या देशाने १ फेब्रुवारी २००० पासून शिसेमिश्रित पेट्रोल सर्वत्र बंद केले. घरगुती रंगांतील शिशावरही २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. तेव्हा गोळीच्या शिशावर आलेला निर्बंध हा एकाएकी उपटलेला छंद नसून त्याच जुन्या मालिकेतील पुढची पायरी होय.

त्या पायरीचा आरंभ मात्र खेळापासून झाला नाही. तो पाखरांपासून झाला. बदके व इतर पाणपक्षी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, ते त्यांच्या पोटातील जात्यात राहतात. शिकाऱ्यांनी तळ्याकाठी उडविलेले छरे चिखलात विखुरलेले असत. पक्षी तेही खडे समजून गिळीत. जात्यात शिसे झिजे, रक्तात उतरे, आणि पक्षी गोळी न लागताच मरे. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे देशभर बंद केले. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर नावाचे अजस्र गिधाड शिकारीच्या अवशेषांतील शिशाचे कण खाऊन मरत असे. तेथे १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिशाची गोळी निषिद्ध झाली. आमच्या वाचकांस ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडील गिधाडे डायक्लोफेनॅक हे औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन अशीच नाहीशी झाली, आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली. एकाच्या अंगातील विष दुसऱ्याच्या पोटात कसे जाते, हे वऱ्हाडातील ज्या म्हाताऱ्यांनी ढोरफोडीच्या जागी गिधाडांचे थवे पाहिले आहेत त्यांस समजावून सांगण्याची गरज नाही.

डेन्मार्कने १९९६ सालीच शिशाचे छरे बंद केले. युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी व त्यांच्या आसपास ते वापरण्यास मनाई केली. तेथील रसायन संस्थेने २०२१ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे त्या संघातील देशांत शिकार, खेळ व मासेमारी मिळून दरसाल सुमारे ४४,००० टन शिसे जमिनीवर व पाण्यात पडत होते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक खेळाच्या नेमबाजीचे होते. ह्या अंदाजावरून पुढे शिकारीबरोबर नेमबाजीच्या मैदानांसही निर्बंधाखाली आणण्याची योजना निघाली, व २०२५ च्या फेब्रुवारीत युरोपीय आयोगाने आपला मसुदा पुढे ठेवला. ब्रिटनने २०२५ च्या जुलैत आपला निर्बंध जाहीर केला. तो मुख्यतः शिकारीच्या छऱ्यांवर व मोठ्या गोळ्यांवर आहे, आणि उच्च श्रेणीच्या खेळाडूंस त्यातून सूट ठेवलेली आहे. आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ मिटविला. मेळघाटात आता कोणी हौसेने बंदूक घेऊन जात नाही, जाऊही शकत नाही. म्हणून आपणांपुढे उरतो तो केवळ लक्ष्यावर नेम धरण्याचा खेळ.

आता हा खेळ एक नव्हे, तीन आहेत, आणि निर्बंधाचा परिणाम तिहींवर सारखा होणार नाही. पुष्कळ लोक येथेच घोटाळा करितात.

सर्वांत मोठा फटका छऱ्यांच्या बंदुकीस बसेल. ह्या खेळात हवेत उडविलेली तबकडी फोडावयाची असते. एका काडतुसात सुमारे २४ ग्रॅम शिशाचे छरे असतात. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या. प्रत्येकीस एकच काडतूस धरले तरी ३ किलो शिसे झाले. सरावात दिवसाला १०० काडतुसे उडविणारा खेळाडू वर्षात १०० दिवस मैदानावर आला तर एकट्याने २४० किलो शिसे गवतावर पेरून जातो! ज्वारी पेरणाऱ्याचे बियाणेदेखील एकरी तीन-चार किलोंवर जात नाही. हे छरे दूरवर व विरळ पसरतात, त्यामुळे ते गोळा करणे कष्टाचे. बदली पदार्थ म्हणून पोलादाचे छरे आहेत, आणि डेन्मार्कमध्ये ते दीर्घकाळ वापरात आहेत. तेथे तबकडीचा खेळ बंद पडलेला नाही. परंतु पोलादाचा छरा शिशाच्या तेवढ्याच छऱ्याच्या सात-दशांश वजनाचा. त्याचा वेग लवकर ओसरतो, म्हणून दूरची तबकडी फुटावयाची तर छरा मोठा हवा. आणि आंतरराष्ट्रीय नियमाने छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरहून अधिक असता कामा नये. म्हणजे खेळाडूने तबकडी अधिक लवकर गाठावयास शिकले पाहिजे. शिवाय पोलाद कठीण; जुन्या नळ्यांस ते सोसत नाही, आणि दगडावर आपटून उसळते. खेळ राहील, परंतु हाताची सवय, बंदूक व मैदान ही तिन्ही बदलावी लागतील.

दुसरा खेळ .२२ रायफलीचा. छात्रसेनेतील आमची मुले जी बंदूक चालवितात ती ह्याच जातीची. गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम, साठ गोळ्यांच्या स्पर्धेत दीडशे ग्रॅमच्या आसपास शिसे खर्ची पडते, आणि तेही सगळे एकाच जागी, लक्ष्यामागे. ते अडवून, गोळा करून पुन्हा वितळविणे शक्य आहे. मग अडचण कोठे? ती अचूकतेत. ५० मीटरांवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. त्या बटणावर एकामागून एक गोळ्या लावावयाच्या तर प्रत्येक गोळी मागच्या गोळीची जुळी बहीण असली पाहिजे. वरिष्ठ खेळाडू एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे आपल्या नळीतून उडवून पाहतात व जो घाणा जुळेल तोच विकत घेतात. ह्या रायफलीच्या नळीतील पेच सोळा इंचांत एक वेढा घेतात. ते शिशाच्या गोळीचे वजन व लांबी धरून ठरलेले आहेत. तांब्याची किंवा जस्ताची गोळी त्याच वजनाची करावयाची तर लांब होते, आणि लांब गोळीस हे पेच पुरे पडत नाहीत. आखूड केली तर ती हलकी होते आणि वाऱ्याने ढळते. म्हणूनच ह्या जातीसाठी नुसती बंदी न घालता शिसे अडवून गोळा करण्याची सक्ती करावी, असा विचार युरोपातही पुढे आला. आमच्या मते तो शहाणपणाचा आहे.

तिसरा खेळ हवेच्या बंदुकीचा. गोळी अर्ध्या ग्रॅमची, अंतर १० मीटर, आणि दहा गुणांचा ठिपका टाचणीच्या माथ्याहूनही लहान, अवघा अर्धा मिलिमीटर. येथे दारू नाही, धूर नाही. गोळ्या पेटीत पडतात व उचलून नेता येतात. कथिलाच्या, म्हणजे आपल्याकडे भांड्यांस ज्याची कल्हई करितात त्याच धातूच्या, गोळ्या बाजारात आहेत. त्या हलक्या असल्यामुळे सर्व नळ्यांस सारख्या मानवत नाहीत. परंतु दहाच मीटरांचा पल्ला असल्याने सुधारणेस सर्वाधिक वाव येथेच दिसतो.

ह्या सर्वांत महाराष्ट्राचे काय जाते, असे कोणी विचारील. पुष्कळ जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिच येथे ५० मीटर रायफलीत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद मिळविले. मुंबईच्या अंजली भागवत ह्यांची बंदुकीशी ओळख महाविद्यालयातील छात्रसेनेमुळे झाली. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे वैयक्तिक पदक. कुसाळे त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ज्या रेल्वेच्या भोंग्यावर आमच्या गावची घड्याळे चालतात त्याच रेल्वेचे हे सेवक, ह्याचा बडनेरेकरांस त्या दिवशी किती अभिमान वाटला हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांचे वडील शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते.

हे कर्ज आमच्या मनात घर करून राहिले आहे. वरिष्ठ स्पर्धांत आपले खेळाडू जी काडतुसे व छरे वापरतात ती बहुतांशी इंग्लंड, जर्मनी ह्या देशांतून येतात. आणि निर्बंध लागू होत आहेत तेही तेथेच. आपल्या देशात गोळीच्या शिशावर वेगळा निर्बंध नसला तरी कारखानदाराने आपला माल बदलला, किंवा जुना माल थोडा व महाग केला, की त्याची झळ कांबळवाडीस लागणार. श्रीमंत क्लबाचा सभासद टंगस्टनची किंमत मोजील, नवी नळी घेईल. शिक्षकाच्या व रेल्वे कामगाराच्या मुलाने काय करावे? बडनेऱ्याहून मुंबईस जाताना भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागते. तेथे लहान शस्त्रांची काडतुसे बनविणारा सरकारी कारखाना आहे. पुण्याजवळ खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. एवढी विद्या दाराशी असता खेळाच्या कामाची उत्तम व निर्विष गोळी आपल्याच देशात का निघू नये, असे आम्हांस वाटते. मात्र हे काम भाषणांचे नसून धातुशास्त्राचे आहे, आणि ते शिकणारी मुले आज आमच्याच वर्गांत बसली आहेत.

मैदानाविषयीही दोन शब्द. शिसे जमिनीत पडले की लगेच विहिरीत उतरते असे नाही. आंबट मातीत ते लवकर विरघळते. आपली वऱ्हाडची काळी माती चुनखडीयुक्त व क्षारट, ती त्यास पुष्कळ अंशी धरून ठेविते. परंतु धरून ठेविते म्हणजे नाहीसे करीत नाही. मृगाच्या पहिल्या झोडप्यात वरची माती नाल्याने वाहत जाते हे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. म्हणून मातीचा बांध घालून मोकळे होण्याऐवजी गोळ्या पकडणाऱ्या लोखंडी पेट्या बसविणे, बांध असल्यास तो ठरावीक काळाने चाळून शिसे काढणे, आणि मैदान तळ्यापासून व शेतापासून दूर राखणे ही कामे कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी आहेत. अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावाच्या काठी हिवाळ्यात बदके पाहावयास जाणाऱ्या मुलांस ह्याचे कारण निराळे सांगावे लागणार नाही.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा आम्ही त्यांस हेच थोडक्यात सांगितले. मुलीस शिकू द्या; हवेच्या बंदुकीत बाधा सर्वांत कमी आहे, आणि निर्बंध आलेच तर ह्याच खेळास ते सर्वांत हलके जातील. मात्र गोळ्या तोंडात धरावयाच्या नाहीत, खिशात सुट्या टाकावयाच्या नाहीत. मैदानावर काही खावयाचे नाही. सुटल्यावर साबण लावून थंड पाण्याने हात धुवावयाचे, आणि घरी धाकटा भाऊ असेल तर कपडे बदलल्याखेरीज त्यास उचलून घ्यावयाचे नाही. पुढे .२२ रायफल हाती आली तर खोली बंदिस्त आहे का, तिच्यात वारा खेळता आहे का, हे आधी पाहावयाचे. कारण त्या काडतुसाच्या टोपीतील स्फोटक द्रव्यातही शिसे असते व ते धुराबरोबर श्वासात जाते. दूध, डाळ व हिरव्या भाज्या भरपूर द्या, कारण कॅल्शियम व लोह पुरेसे असलेल्या शरीरात शिसे कमी शिरते.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग विचारले, मैदानावर साबण असतो का? आम्ही चौकशी केली, नव्हता. आता नळाशेजारी भिंतीस एक खुंटी ठोकून तिला जाळीच्या पिशवीत वडी टांगलेली असते. ती कोण आणून ठेवितो हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु नाव छापू नये असा त्यांचा आग्रह आहे.